तांड्यापासून कोयत्यापर्यंत : यवतमाळ जिल्ह्यातील बंजारा समाजाच्या स्थलांतराचे बदलते स्वरूप

प्रस्तावना

दसरा उलटला की पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या तालुक्यांतील अनेक तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात. ज्वारीचे पोते, सरपण, पाण्याचे पिंप, अंथरूण-पांघरूण, चार कोंबड्या, क्वचित एखादी शेळी आणि कडेवरचे मूल असा संसार त्यांत चढतो व ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा किंवा उत्तर कर्नाटकातील कारखान्यांच्या दिशेने निघतो. तांड्यात मागे उरतात ती वृद्ध माणसे, शाळेत जाणारी काही मुले आणि कुलूप लावलेली घरे. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत हीच स्थिती असते.

बंजारा समाजाच्या या स्थलांतराविषयी सर्वसाधारणपणे एक विधान केले जाते : हा समाज मुळातच भटका, त्यामुळे भटकंती त्याच्या रक्तातच आहे. हे विधान ऐकायला सोपे असले, तरी ते वस्तुस्थितीला धरून नाही. पूर्वीची भटकंती आणि आजचे स्थलांतर यांत केवळ वाहनाचा फरक नाही. पूर्वी अख्खा तांडा चालत असे. आज तांडा जागेवर राहतो आणि त्यातील माणसे तुकड्यातुकड्याने बाहेर पडतात. या एका बदलाचे अर्थव्यवहारावर, कुटुंबावर आणि समाजाच्या स्वतःविषयीच्या जाणिवेवर काय परिणाम झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लदेणीचा काळ

बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ व इतर माल लादून दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचविण्याच्या व्यवसायाला बंजारा समाजात लदेणी म्हणतात. मोगल सैन्याच्या दक्षिणेतील मोहिमांना रसद पुरविणाऱ्या भंगी आणि जंगी या नायकांची कथा समाजाच्या परंपरेत आजही सांगितली जाते. वऱ्हाड पोलीस खात्यातील कम्बरलेज या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात या समाजाविषयी जे टिपण लिहिले, त्याचा आधार रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या प्रसिद्ध ग्रंथानेही घेतला आहे. म्हणजे वऱ्हाडातील तांडे हे बंजारा समाजाविषयीच्या प्रारंभीच्या लिखित माहितीचे एक महत्त्वाचे क्षेत्र होते.

लदेणीत तांडा हीच संस्था होती. नायक मार्ग व मुक्काम ठरवी, कारभारी त्याला साहाय्य करी, तंटे नसाबपुढे सुटत. लग्ने, जन्म, मृत्यू, सण हे सारे वाटेवरच होत; कारण घर मागे सोडून कोणी निघालेलेच नसे. प्रवासात कुटुंब मोडत नव्हते आणि भाषा बदलण्याचे कारण नव्हते. उलट, सतत परक्या मुलखातून जावे लागत असल्याने ‘गोर’ म्हणजे आपला आणि ‘कोर’ म्हणजे बाहेरचा ही सीमारेषा अधिकच पक्की झाली. मुलूख बदलत असतानाही ओळख टिकली, याचे कारण ओळख जपणारा समूह सोबत होता.

१८६७ मध्ये लोहमार्ग भुसावळहून नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईकडे जाऊ लागला. मिठाचा आणि धान्याचा उलट प्रवासही त्याच मार्गाने होऊ लागल्यावर बैलांच्या पाठीचे महत्त्व ओसरले. त्यानंतर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशाच्या निरनिराळ्या भागांत अनेक फिरस्त्या समूहांकडे संशयाने पाहण्यास कायदेशीर आधार दिला. त्यात बंजारांचेही काही गट होते. चालणे हा ज्यांचा व्यवसाय होता, त्यांच्या बाबतीत चालणे हाच संशयाचा विषय ठरला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द प्रशासनात आला.

तांडे स्थिरावले ते डोंगरउतारांवर आणि जंगलांच्या कडेला. पैनगंगा आणि पूस नद्यांच्या काठची काळी, खोल जमीन आधीच गावांकडे होती. नंतर आलेल्यांच्या वाट्याला हलकी, मुरमाड जमीन आली. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला आणि या जिल्ह्यातील बंजारा वस्तीचा मोठा पट्टा आकाराला आला. याच तालुक्यातील गहुली येथे १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्यातील मुलगा राज्याच्या सर्वोच्च पदावर गेला आणि त्याच पट्ट्यातील तांडे आजही दर हंगामात रिकामे होतात, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. पुढाऱ्यांच्या चरित्रांवरून समाजाच्या स्थितीचा अंदाज बांधणाऱ्यांनी दुसरे वाक्यही लक्षात ठेवावयास हवे.

उचल : पैसा आधी, श्रम नंतर

स्थलांतराचे कारण म्हणून कोरडवाहू शेतीकडे बोट दाखविले जाते व ते योग्यच आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, कापूस नोव्हेंबरपासून वेचला जातो आणि ओलिताची सोय नसेल तर त्यानंतर शेतात काम उरत नाही. तथापि हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. कापूस वेचणीचा भर आणि ऊसतोडणीचा प्रारंभ हे एकाच काळात येतात. यवतमाळमधील शेतकरी वेचणीला मजूर मिळत नाहीत अशी तक्रार करीत असतो आणि नेमक्या त्याच आठवड्यांत शेजारच्या तांड्यातून मजुरांनी भरलेला ट्रक बाहेर पडत असतो. काम गावात असताना माणसे शेकडो किलोमीटर दूर का जातात?

याचे उत्तर मजुरीच्या दरात नाही, तर ती केव्हा आणि कशी मिळते यात आहे. वेचणीची मजुरी किलोमागे, आठवड्याच्या बाजाराला पुरेल अशा बेताने हाती येते. ऊसतोडणीत मात्र काम सुरू होण्यापूर्वीच एकरकमी पैसा मिळतो. त्याला उचल म्हणतात. कारखाना वाहतूकदाराला, वाहतूकदार मुकादमाला आणि मुकादम मजुराला अशा साखळीतून ती तांड्यात पोहोचते. बियाणे-खतांची उधारी, दवाखाना, मुलीचे लग्न, घराचे पत्रे या खर्चांसाठी पावसाळ्यात रक्कम लागते आणि तारण ठेवायला फारसे काही नसलेल्या माणसाला ती रक्कम बँक देत नाही, मुकादम देतो. तारण म्हणून असतात ते येत्या सहा महिन्यांचे नवरा-बायकोचे श्रम.

स्थलांतराच्या अर्थशास्त्रात सामान्यतः असे गृहीत धरले जाते की माणूस आधी जातो, कमावतो आणि मग घरी पैसे पाठवितो. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातून अमेरिकेत गेलेल्या माया समाजाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६० ते १९९६ या काळातील यादवी युद्धात, विशेषतः ऐंशीच्या दशकात, हा आदिवासी समाज मोठ्या संख्येने विस्थापित झाला व पुढे दारिद्र्यामुळे हा ओघ चालू राहिला. आज परदेशातून येणारा पैसा ग्वाटेमालाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढा आहे. माया कुटुंबही दलालाला देण्यासाठी कर्ज काढूनच माणूस पाठविते. परंतु ते कर्ज फिटल्यानंतरची कमाई घरी येते आणि तीतून घर, जमीन, दुकान उभे राहते. तांड्यात हा क्रम उलटा आहे. पैसा आधी येतो आणि खर्चही आधीच होतो. हंगामभर जे केले जाते ती कर्जाची परतफेड असते. परतलेल्या कुटुंबाजवळ गुंतवणुकीस शिल्लक फारच थोडी राहते. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी कोणत्या मुकादमाबरोबर जायचे हा निर्णयही त्या बाकीबरोबरच होऊन जातो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची भाषा आणि उचलीचा व्यवहार शेजारी ठेवून वाचले, तर दोहोंतील अंतर फारसे वाटत नाही.

दरवाढीचे करार होत असतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीवर समझोता झाला, ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय. मात्र दर वाढला तरी खाड्याची कपात, उसाच्या मोळ्यांचे वजन आणि हिशेबाची वही या गोष्टी मजुराच्या नियंत्रणाबाहेरच राहतात.

स्थलांतर थांबविण्याचा उपाय म्हणून रोजगार हमीकडे पाहिले गेले. १९७२ च्या दुष्काळात, वसंतराव नाईक यांच्याच कारकीर्दीत, महाराष्ट्राने या योजनेचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला, १९७७ मध्ये कायदा केला. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या पहिल्या टप्प्यात, २००६ मध्ये, यवतमाळ जिल्ह्याचा समावेश झाला. परंतु हमीच्या कामाची मजुरी काम झाल्यावर, मस्टर भरल्यावर, खात्यात जमा होते. ज्याला ऑगस्टमध्ये रक्कम हवी आहे त्याला फेब्रुवारीतील कामाची हमी उपयोगी पडत नाही. उचलीशी स्पर्धा करावयाची असेल तर ती पतपुरवठ्याने करावी लागेल. केवळ कामाने ती होणार नाही.

कोयता आणि कुटुंब

ऊसतोडणीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर ठरते. हा शब्द नुसता बोलीतील गंमत नाही. त्यात कुटुंबाची नवी व्याख्या दडलेली आहे. लदेणीतील तांड्यात आजी-आजोबा, विधवा, अपंग, मुले या सर्वांना स्थान होते, कारण तांडा काम करणाऱ्यांची टोळी नव्हता, तर समाज होता. कोयत्यात फक्त दोघांना स्थान आहे. म्हातारी माणसे त्यात बसत नाहीत, म्हणून मागे राहतात. लहान मुले बसत नाहीत, तरी सोबत जातात. दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी कोपीवर लागते आणि तिची शाळा तेथेच संपते.

लग्नाच्या वयाशीही याचा थेट संबंध आहे. अविवाहित तरुण अर्धा कोयता असल्याने त्याला पूर्ण उचल मिळत नाही. दुसऱ्या बाजूला, वयात आलेली मुलगी म्हाताऱ्यांच्या भरवशावर सहा महिने तांड्यात ठेवण्याची आईवडिलांना धास्ती वाटते आणि फडावर नेण्याची त्याहून अधिक. या दोन अडचणींची सोडवणूक हंगामापूर्वीच्या लग्नात शोधली जाते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याची माहिती तांड्यात नाही असे नव्हे. पण वर्षाचे अर्थकारणच कोयत्यावर आधारलेले असताना प्रबोधनाची मर्यादा उघड आहे. बंजारा समाजाच्या ‘रूढिप्रियते’वर या प्रश्नाचे खापर फोडणाऱ्या लेखनात हा आर्थिक दुवा अनेकदा सुटून जातो.

स्त्रीच्या श्रमाचे मोल हा आणखी एक मुद्दा. तोडणीत ती पुरुषाइतकीच राबते. त्याशिवाय पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि मुले तिच्याकडेच असतात. उचल मात्र बहुधा पुरुषाच्या हाती पडते, अंगठा किंवा सही त्याची असते. कर्जाची रक्कम तिच्या हातून खर्च होत नाही, पण फेडीत तिचा वाटा निम्म्याचा असतो.

शिक्षणाच्या बाबतीत दुसरे सत्र जवळजवळ पूर्णपणे बुडते. दिवाळीच्या सुटीत गेलेले मूल वार्षिक परीक्षेच्या सुमारास परतते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे त्याचे नाव पटावर राहिले व ते वरच्या वर्गात गेले; त्याने काय शिकले हा प्रश्न वेगळा. यावर हंगामी वसतिगृहाचा उपाय काढण्यात आला. मूल तांड्यातच आजीकडे ठेवायचे आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेच्या आधाराने करायची, अशी ही साधी कल्पना. जेथे ती वेळेवर, म्हणजे ट्रक निघण्यापूर्वी, सुरू होते तेथे मुले थांबतात. मंजुरी डिसेंबरात आली तर तोवर मुले फडावर पोहोचलेली असतात. योजनेचे यश येथे तारखेवर अवलंबून आहे.

सणांचे वेळापत्रक

बंजारा समाजाचे सण आणि साखरेचा हंगाम ही दोन वेळापत्रके शेजारी मांडली असता ओळखीच्या प्रश्नाचे एक वेगळेच रूप दिसते. श्रावणात तीज येते. अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरून त्याचे अंकुर वाढवितात, रोज गाणी होतात आणि शेवटी सारा तांडा विसर्जनाला जमतो. हा सण पावसाळ्यातील असल्याने माणसे घरी असतात. तीज आजही अनेक तांड्यांत जोमाने होते. दिवाळीला मुली हाती दिवा घेऊन घरोघरी मेरा मागतात; हा सण निघण्याच्या गडबडीत सापडतो, काहींना मिळतो, काहींचा हुकतो. होळी मात्र ऐन हंगामात येते. वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा धुंड हा विधी होळीला करतात. मूल समाजाचे झाले असे ज्या दिवशी मानले जाते, त्या दिवशी त्याचे आईबाप फडावर असतात आणि नायक, कारभारी, वडीलधारी मंडळी तांड्यात. काही टोळ्या कोपींवरच लेंगी गाऊन होळी साजरी करतात, काही कुटुंबे विधी पुढच्या वर्षावर टाकतात. रामनवमीला वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे जी मोठी यात्रा भरते, ती परतीच्या वाटेवर येते, म्हणून तिचे महत्त्व स्थलांतरित कुटुंबांच्या दृष्टीने आणखी वाढलेले आहे. परंपरा टिकली की लोपली असा सरसकट निर्णय देण्यापेक्षा, कोणती परंपरा हंगामाच्या आत येते आणि कोणती बाहेर, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरावे.

भाषेचीही कथा अशीच. गोरबोलीला स्वतःची सर्वमान्य लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगू व कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. तांड्यातील मूल पहिलीत येते ते मराठी ही दुसरी भाषा घेऊन. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या कुटुंबांत पुढच्या पिढीला गोरबोली कळते, बोलता येतेच असे नाही. स्त्रियांचा फेटिया-काचळीचा वेशही रोजच्या वापरातून मागे पडून समारंभापुरता उरत चालला आहे.

आडनावांचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही बंजारा समाजातील प्रमुख आडनावे. त्यांपैकी शेवटची तीन इतर मराठी समाजांतही सर्रास आढळतात. त्यामुळे शहरात गेलेल्या माणसाला आपली ओळख सांगायची की नाही याची निवड करता येते. भाड्याने खोली शोधताना ती न सांगणारा माणूस १५ फेब्रुवारीला सेवालाल जयंतीच्या मिरवणुकीत मात्र अग्रभागी असू शकतो. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. दोन ठिकाणी दोन प्रकारचे धोके आहेत. शिक्षण व आरक्षणाच्या आधाराने नोकरीत गेलेल्या वर्गाची ओळख ही आज सभा, जयंती, साहित्य यांतून ठळकपणे व्यक्त होते. फडावर असलेल्या कुटुंबाला मात्र सगळे ‘तोडणीवाले’ याच नावाने ओळखतात.

कायदा आणि मोजणी

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. तेथील लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकातील लंबाणी अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रातील बंजारा विमुक्त जाती ‘अ’ गटात. भाषा, आडनावे व सेवालाल महाराज यांच्यावरील श्रद्धा एकच, दर्जे तीन. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी पुन्हा जोराने पुढे आली, तिची पार्श्वभूमी हीच आहे.

श्रमिकविषयक कायद्याची गंमत याहून निराळी. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. पैनगंगेपलीकडे गेलेला मजूर त्याच्या कक्षेत येई. पुसदहून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापूर जिल्ह्यात गेलेला मजूर कायद्याच्या दृष्टीने जागचा हललेलाच नसे. राज्यांतर्गत ऊसतोड मजुरांसाठी स्वतंत्र कल्याण महामंडळाची कल्पना पुढे आली, तिचे एक कारण ही उणीव होते.

जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ या दिनांकाचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या समाजाच्या हालचालीवर नव्वद वर्षांपूर्वी पाळत ठेवण्याची तजवीज झाली, त्याने त्या एका दिवशी आपण नेमके कोठे स्थिर होतो हे सिद्ध करावयाचे आहे. शहरात जन्मलेल्या मुलाला त्यासाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्याच्या शोधात तांड्यावर परतावे लागते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर शोध आणखी लांबतो. शहरी बंजारा कुटुंबाचा तांड्याशी असलेला संबंध भावनेने जितका टिकला आहे, तितकाच या कागदानेही टिकविला आहे.

शेवटी मोजणीचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. ही गणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली, म्हणजे ऊसतोडणीच्या भर हंगामात. गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नसेल त्याची नोंद घरी करायची नाही, तो जेथे आढळेल तेथे करायची, असा नियम आहे. म्हणजे कोयत्यावर गेलेले कुटुंब तांड्याच्या नोंदीत आले नाही आणि उसाच्या फडाकडेच्या कोपीपर्यंत प्रगणक पोहोचला असेल तरच अन्यत्र आले. त्यांच्या भाषेची नोंद ‘बंजारी’ आणि ‘लमाणी/लंबाडी’ अशा दोन वेगळ्या नावांखाली, आणि दोन्ही हिंदीच्या पोटात, विभागली गेली. अमेरिकेतील माया स्थलांतरितांचीही गत अशीच होते : किचे किंवा माम भाषा बोलणारा माणूस स्पॅनिशभाषकांत धरला जातो, न्यायालयात दुभाषी लागतो तेव्हा चूक लक्षात येते.

पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा ठरविण्यात आला आहे आणि स्वातंत्र्योत्तर काळात प्रथमच सर्व जातींची नोंद तीत होणार आहे. लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना पुन्हा फेब्रुवारीतच येते. त्या महिन्यात पुसद किंवा दिग्रसच्या तांड्यात प्रगणकाला दाराशी भेटेल ती आजी असेल. ती मुलगा-सुनेची नावे सांगेल आणि नियमानुसार ती नावे त्या घराच्या नोंदीत लिहिता येणार नाहीत. मुलगा-सून त्या वेळी सोलापूर किंवा बेळगावकडील एखाद्या फडात असतील, आणि जात कोणती, मातृभाषा कोणती, कायमचे गाव कोणते, या प्रश्नांची उत्तरे कोपीवर बहुधा मुकादमच देईल.